ब्योम कोण आहे?

क्लेमझिग, गुरुवार, ७ मार्च

गार्थ,

पत्रास कारण, माझ्या टबात ट्यूबा आहे.

वाक्य पुन्हा वाचायची गरज नाही, बरोबरच वाचलंस. सोमवारपासून माझ्या अंघोळीच्या टबात एक पितळी ट्यूबा पहुडलेला आहे, अंगावर मी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला टॉवेल घेऊन. तो हॉलमध्ये ठेवला तर सोफा उलगडत नाही. सोफा उलगडला नाही तर इमी माझ्या पलंगावर येते. इमी पलंगावर आली तर मी कुठे, असा हा प्रश्न घरभर फिरून शेवटी न्हाणीघरात जाऊन टेकला. आणि मी, छप्पन्न वर्षांची, वेळेवर कर भरणारी बाई, रोज सकाळी बेसिनपाशी उभी राहून मगाने अंगावर पाणी घेते, आणि ते वाद्य तोंड वासून बघत असतं. जगात याहून मोठे अन्याय चालू आहेत, मी बातम्या बघते. पण त्यांची दखल घ्यायला माणसं नेमलेली आहेत. माझ्या टबाची दखल कोण घेणार, म्हणून तुला लिहिते आहे.

यावरून तुझी मुलगी माझ्याकडे आहे हे तुला कळलं असेलच. सुखरूप आहे. जेवते. फार जेवते. तुला मेसेज केलाय म्हणते, पण तो तू वाचलास की नुसता बघितलास हे तिला माहीत नाही. मी फोन केला असता. पण बाबा गेले तेव्हापासून माझा नंबर तू ब्लॉक केलेला आहेस. टपालखात्यात ती सोय अजून आलेली नाही.

त्या जुन्या भांडणात आज मी शिरणार नाही. एवढंच म्हणते की आपलं आडनाव बी-ओ-ई-एच-एम असं लिहायचं आणि बीम असं म्हणायचं, हे आपल्या घरात पाच पिढ्या चाललं. तुझ्या गिऱ्हाइकांना चेकवर ते लिहिता येईना, म्हणून तू कोर्टात जाऊन ते बी-ई-ए-एम करून घेतलंस. इथवर ठीक. पण बाबांच्या निधनाची बातमीही पेपरात तू नव्या स्पेलिंगने दिलीस. मग मला ती जुन्या स्पेलिंगने वेगळी द्यावी लागली. एकाच दिवशी, एकाच पानावर आपले बाबा दोनदा वारले. शेजारची मिसेस श्वार्त्झ आजही विचारते, त्यातला दुसरा कोण होता गं.

तर इमी. मी विचारलं, "काय झालं?"

"बाबांनी नवा ट्रक घेतला. त्यावर रंगवून आणलं, 'बीम अँड डॉटर'."

"अगं, मग छान आहे की."

"मला विचारून रंगवलं असतं तर छान होतं, आत्या."

 

तिला वाजवायचं आहे. तिचा स्वतःशीच करार झालाय: ईस्टरपर्यंत कुठल्या बँडात जागा मिळाली तर इथे राहायचं, नाही तर पोर्ट ऑगस्टाला परत जाऊन तुझ्या ऑफिसात बसायचं आणि आयुष्यभर ट्रक सोडायचे. शब्दाची पक्की आहे, कुणाच्या वळणावर गेली देव जाणे. पण ट्यूबाला मागणी ती किती. शहरातले सगळे बँड विचारून झाले. प्रत्येकाकडे एक ट्यूबावाला आहे, आणि सगळे ट्यूबावाले प्रकृतीने ठणठणीत.

आणि हे वाद्य तिला कुणी घेऊन दिलं तेही आठव. बाराव्या वाढदिवसाला बाकीच्या मुलींना सायकली मिळाल्या होत्या.

लिओनी बीम
(जुन्या स्पेलिंगची)


हानडॉर्फ, रविवार, १० मार्च

गार्थ,

कागद बघून नाक मुरडू नकोस. ही ताटाखालची कागदी चटई आहे. मागच्या बाजूला हिरव्या घागऱ्यातली बाई दोन्ही हातांत मिळून आठ ग्लास बिअर घेऊन हसते आहे. एवढा भार घेऊन कुणी हसत नाही, पण ते असो. दुसरा कागद जवळ नाही, आणि हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगितलं नाही तर माझं काही खरं नाही.

आज हानडॉर्फला यायचं हे सकाळी टोस्टला लोणी लावेपर्यंत कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. इमी फोन बघत खात होती. एकदम चावायची थांबली.

"आत्या, हर्नियाचं ऑपरेशन झालं की माणूस किती दिवस झोपून असतो?"

"कोण माणूस?"

"हानडॉर्फच्या बँडचा ट्यूबावाला."

"अरेरे. कशाने झालं?"

"ट्यूबा उचलताना."

मी सुरी खाली ठेवली. बँडमास्तरांनी सकाळीच टाकलं होतं: ट्यूबा वाजवणाऱ्यांनी आज दुपारी हॉटेलच्या बागेत यावं, नाव यादीत लिहावं, वाजवून दाखवावं. निवडलेल्याला दर रविवारी जागा. मानधन आणि जेवायला श्निट्झेल.

"आज दुपारी?" मी विचारलं.

"आज. पण लाँग वीकेंड आहे, गर्दी असेल, तुझी गाडी घाटात तापते, आणि तुझे कपडे वाळत घालायचेत—"

"टोस्ट हातात घे," मी म्हटलं.

ट्यूबा माझ्या गाडीत पुढच्या सीटवरच मावतो, आणि पट्टा लावला नाही तर गाडी बोंब मारते. म्हणून मान्यवर पुढे, पट्टा बांधून, आणि तुझी मुलगी मागे, गुडघे हनुवटीला लावून. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्याने ट्यूबाकडे बघून अदबीने टोपी काढली. पुढे तो डोंगर लागला, ज्याला फक्त आपण डोंगर म्हणतो, बाकीच्या जगात त्याला चढ म्हणतात. निम्म्यावर काटा तांबड्यात गेला. मग बाबांची युक्ती केली. सगळ्या काचा खाली आणि इंजिनाची उष्णता आत ओढायला हीटर पूर्ण सोडला. बाहेर मार्चचं ऊन, आत भट्टी, आमच्या दोघींच्या तोंडाला घाम, ट्यूबाही घामेजला, आणि इमी मागून ओरडतेय, "आत्या, ट्रकवाले ओव्हरटेक करतायत." मी म्हटलं, "त्यातला कुठला तुझा आहे का बघ." हसून हसून मुलीला उचकी लागली. ट्यूबा वाजवायला निघालेल्या माणसाला उचकी. बोगदा संपेपर्यंत मी तिला श्वास धरून बसवलं.

गाडी चर्चच्या अंगणात लावली. तिथून अख्खा रस्ता ट्यूबा उचलून चालायचं. गाव तू पाहिलेलं आहेस, तेच आहे. कुकूच्या घड्याळांच्या दुकानात अजून कुठल्याच दोन पक्ष्यांचं वेळेवर एकमत नाही. प्रवासी लोक इमीला बघून बाजूला होत होते, फोटो काढत होते. एका बाईने विचारलं, "शो किती वाजता?" इमी म्हणाली, "मलाही तेच कळायचंय." खाटकाने तिला दारातच थांबवून फ्रिट्झची, म्हणजे थंड सॉसेजची, चकती दिली, लहान मुलांना देतात तशी, फुकट. एकोणीस वर्षांच्या मुलीने ती निमूट खाल्ली. मला दिली नाही. मी मागितली होती.

आता बागेत बसलो आहोत. यादीत नाव लिहून झालं. पाच जण आहेत. बँडमास्तर अन्सगार म्हणून आहे, म्युनिकच्या बाजूचा, आठवडाभर लोकांचे नळ दुरुस्त करतो आणि रविवारी चामड्याची अर्धी चड्डी चढवतो. अख्ख्या जर्मन बँडात हा एकटाच जर्मन. क्लॅरिनेटवर थुई नावाची दातांची डॉक्टर, अकॉर्डियनवर टाइल्सचा दुकानदार कार्मेलो, ढोलावर एक स्कॉटिश. सगळ्यांचे गुडघे उघडे.

नावं पुकारायला लागले. थांबते.


त्याच दिवशी, दुसरी चटई

अक्षर सांभाळून घे, चटई बिअरने ओली आहे.

अन्सगारची पद्धत आडनावाने पुकारायची. पहिल्या आडनावाला एक मुलगा उठला. ट्यूबापेक्षा तोच जास्त फुगला. मग अन्सगारने यादी डोळ्यांजवळ नेली.

"ब्योम."

कुणी उठलं नाही.

"फ्राउ ब्योम."

ब्योमबाई कोण म्हणून सगळे एकमेकांकडे बघतायत. मी इमीच्या कानात म्हटलं, "ही ब्योम आलीच नाही वाटतं. चला, एक कमी झाली."

"बिचारी," इमी म्हणाली. "ट्रॅफिकमध्ये अडकली असेल."

"असू दे अडकलेली. तू आपले ओठ सांभाळ."

"ब्योम, शेवटची हाक," अन्सगार म्हणाला. आणि गार्थ, आम्ही दोघी मान वळवून, अगदी मनापासून, ब्योम कोण आहे ते शोधत होतो. त्याने पेन्सिलीने काट मारली तेव्हा मला, तुझ्यापासून काय लपवायचं, बरं वाटलं.

बाकीचे तिघे वाजवून गेले. शेवटचा नॉर्वूडचा ग्रीक मुलगा, स्तावरोस, बरा होता. अन्सगारने यादीची घडी केली, टाळी वाजवली, आणि स्तावरोसचा हात हातात घेतला.

इमीचा चेहरा कागदासारखा झाला. "आत्या, माझं नाव आलंच नाही."

"येईल."

"यादी खिशात गेली."

ती ट्यूबा उचलायला लागली. परत जायला. तुझ्या ऑफिसात, त्या खुर्चीत. ते मला तिच्या पाठीवरून दिसत होतं. मी उठले. काय बोलणार होते माहीत नाही, पण काहीतरी बोललेच असते. तेवढ्यात थुईबाई क्लॅरिनेट काखेत मारून आमच्याकडे आल्या.

"तुम्ही नाव लिहिलं होतंत ना? काय नाव?"

"बीम," आम्ही दोघी म्हणालो.

"लिहिता कसं?"

इमीने अक्षरं सांगितली. थुईबाई शांतपणे वळल्या. "अन्सगार, ही घे तुझी ब्योम."

"मी तीनदा पुकारलं."

"तू पुकारलंस. तिला ऐकू आलं नाही, कारण ते तिचं नाव नाही. चाळीस वर्षं या देशात लोक मला थाय म्हणतात. माझ्या खुर्चीत तोंड उघडं टाकून पडलेले असतात तेव्हासुद्धा थायच म्हणतात. मला विचार."

"पण उच्चार ब्योमच आहे," अन्सगार म्हणाला. "जर्मन नाव आहे ते."

"ते आमचं नाव आहे," मी म्हटलं.

"बाई, जर्मनीत—"

"कुठली जर्मनी? आमचे खापरपणजोबा या डोंगरात बटाटे लावत होते तेव्हा तुमचा देश व्हायचा होता. तुम्ही एकत्र येईपर्यंत आमचा उच्चार बदलूनही झाला. उशीर तुम्ही केलात, आणि आता हजेरी आमची घेता?"

कार्मेलो अकॉर्डियनवर हनुवटी टेकवून म्हणाला, "मास्तर, पोरीला वाजवू द्या. लोक व्याकरण ऐकायला आलेले नाहीत."

अन्सगारने स्तावरोसकडे पाहिलं. स्तावरोस भला. म्हणाला, "वाजवू दे ना. मला काय भीती आहे का?" असली पाहिजे होती.

गार्थ, तिने पहिला सूर लावला आणि माझ्या श्निट्झेलवरचं लिंबू घरंगळलं. सूर कानांनी ऐकला असं म्हणता येणार नाही. तो बाकाच्या फळीतून वर आला. बँड तिच्या मागोमाग लागला. अन्सगारने मुद्दाम वेग वाढवला, परीक्षा घ्यायला, मी त्याचे डोळे बघत होते. इमी तसूभर मागे राहिली नाही. त्याने आणखी वाढवला. ढोलवाल्याला धाप लागली, कार्मेलोने डोळे मिटून घेतले, आणि ही गाल फुगवून, मान हलवत, पायाने ठेका धरून, जसं काही अख्खा बँड खांद्यावर घेऊन डोंगर उतरतेय. समोरच्या टेबलावरची दोन म्हातारी माणसं उठून नाचायला लागली. मग पुढचं टेबल. माझ्या बाकावरचा अनोळखी माणूस टेबलावर मुठी आपटत होता, मीही आपटत होते, आमची बिअर एकमेकांच्या ग्लासात सांडत होती. आणि थांबायचं तिथे ती थांबली. कात्रीने कापल्यासारखी.

क्षणभर नुसता घड्याळाच्या दुकानातला कुठलातरी चुकार कुकू.

अन्सगार म्हणाला, "फ्राउ—" आणि अडकला. "तुम्ही. आज बसा. पुढच्या रविवारी पूर्ण कार्यक्रम. तो जमला तर जागा तुमची."

ती आत्ता तिथे बसली आहे, गार्थ. उसन्या हिरव्या जाकिटात, बाह्या कोपरापर्यंत येतात. मला वेड लागायचं बाकी आहे.

लिओनी


क्लेमझिग, सोमवार, ११ मार्च

गार्थ,

काल चटईवर जागा संपली म्हणून एक गोष्ट राहिली. खरं सांगायचं तर जागा होती. त्या बाईच्या घागऱ्यावर भरपूर जागा होती.

तुझ्या लक्षात आलं असेल. इमीच्या लायसन्सवर बी-ई-ए-एम आहे. ते कुठल्याही जर्मनाला ब्योम वाचता येणार नाही. यादीत तिने बी-ओ-ई-एच-एम लिहिलं होतं. मी सांगितलेलं नाही. ती लिहीत होती तेव्हा मी मोहरीच्या सॉसची बाटली रिकामी आहे अशी तक्रार करत होते, साक्षीदार आहेत.

परत येताना विचारलं. म्हणाली, "जर्मन बँड आहे आत्या, ट्रकचं नाव कसं लिहू?" थोड्या वेळाने बोगद्यात म्हणाली, "आजोबा लिहायचे तसं एकदा लिहून बघायचं होतं." त्यानंतर घर येईपर्यंत माझ्या डोळ्यांत समोरच्या गाड्यांचे दिवे जात होते.

आता तुला राग येईल. येऊ दे. पण त्याच गावाचा विचार कर. पहिल्या महायुद्धात सरकारने जर्मन म्हणून हानडॉर्फचं नाव पुसून इंग्रजी नाव ठेवलं, पुढे परत जुनं आलं. तेव्हा निदान युद्ध चालू होतं. तुझ्यावर कुणी बंदूक रोखली होती? चेकबुकाने?

हे वाक्य खोडणार होते. राहू दिलं आहे. मी जशी आहे तशी तुला ठाऊक आहे.

मुद्दा एवढाच: येत्या रविवारी तिचं ठरेल. तुला ते माझ्याकडून कळावं, दुसऱ्या कुणाकडून नाही.

लिओनी


क्लेमझिग, शुक्रवार, १५ मार्च

गार्थ,

तुझं पत्र मिळालं. डिलिव्हरीच्या पावतीच्या पाठीवर, तेलाच्या बोटासकट. ते इथे पूर्ण उतरवते, कारण चार वर्षांत तू मला लिहिलेलं एवढंच आहे:

"बागेत ऊन असतं. तिला टोपी घालायला सांग. गा."

मी ते पुष्कळदा वाचलं. त्यात रागावणं नाही, चौकशी नाही, मी तर अजिबात नाही. पण सही बघ. नुसतं "गा." आडनाव तू गाळलंस. दोन्ही स्पेलिंगं एका फटक्यात वाचवलीस. ट्रकच्या धंद्यात माणूस एवढा मुत्सद्दी होतो हे मला माहीत नव्हतं.

इमीला पावती दाखवली. तिने घेतली, वाचली, म्हणाली, "बाबांचं अक्षर सुधारलंय." आणि न्हाणीघरात गेली.  नंतर आतून ट्यूबाचा आवाज आला, आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाने जमिनीवर काठी आपटली. काठीसुद्धा ठेक्यात, हे त्याला अजून कळलेलं नाही.

टोपीची काळजी नको, बँडची टोपी आहे, पिसाची. ज्यांचं पक्कं व्हायचंय त्यांना पांढरं पीस, पक्क्या माणसाला लाल. इमीचं सध्या पांढरं. ती रोज आरशासमोर ते काढून लाल असल्यासारखी उभी राहते. मी दार लोटून घेते.

तुझं नाव ती काढत नाही. इतकं मुद्दाम काढत नाही की दोघींच्या जेवणात तिसरं ताट मांडल्यासारखं वाटतं.

मी ये म्हणत नाही. फक्त माहितीसाठी: बागेत डावीकडच्या खांबाजवळ दुपारभर सावली असते. आणि ट्रकला मुख्य रस्त्यावर जागा नाही, खालच्या मैदानापाशी लाव. लावायचा असेलच तर.

लिओनी


क्लेमझिग, सोमवार, १८ मार्च

गार्थ,

तू होतास. तरी लिहिते, कारण तू खांबामागून बघितलंस आणि खांब जाड आहे.

तू दिसलास कधी, तेही सांगते. मध्यंतरानंतर. तोवर मला वाटत होतं, त्या खांबाला कोपर फुटलंय. पहिल्या भागात इमी चांगली वाजवत होती, पण चांगलीच. गेल्या रविवारचं ते नव्हतं. नजर सारखी फाटकाकडे. एकदा तिचा सूर अर्ध्यात आला आणि अन्सगारने भुवई उचलली.  स्तावरोस दुसऱ्या टेबलावर बसला होता, स्वतःचा ट्यूबा घेऊन, नुसता आपला ऐकायला. कोण ट्यूबा घेऊन नुसतं ऐकायला येतं?

मग अन्सगारने एकेकाची ओळख करून द्यायला सुरुवात केली. थुईबाईंचं नाव त्याने बरोबर म्हटलं. बहुतेक आठवडाभर घोटत होता. कार्मेलोने मुजरा केला. आणि मग:

"आणि ट्यूबावर, आमच्या नव्या पाहुण्या, इमोजेन ब्योम."

"बीम."

खांब बोलला असंच सगळ्यांना वाटलं असेल.

अन्सगारने उन्हात बघायला कपाळावर हात आडवा धरला. "कोण म्हणालं?"

तेव्हा तू बाहेर आलास. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला, हातात लेमन स्क्वॉशचा ग्लास. इतक्या लोकांसमोर उभं राहणं तुला आयुष्यात जमलेलं नाही, स्वतःच्या लग्नात भाषण मला करावं लागलं होतं. तुझे कान लाल झाले होते.

"बीम म्हणायचं," तू म्हणालास.

"हे कुठल्या भाषेत?" अन्सगार म्हणाला. बिचारा खरंच विचारत होता.

"आमच्या."

सगळी बाग हसली. मी नाही. मी त्या शब्दाशी थांबले होते. चार वर्षं तू आणि मी अक्षरांवरून भांडलो, पेपरात भांडलो, थडग्यावरच्या दगडाशी जाऊन भांडलो. आणि एवढ्या काळात आपण दोघांनीही ते नाव एकदाही वेगळं उच्चारलं नाही. तू म्हणालास आमच्या. त्या शब्दात मी होते की नाही हे तू सांगू नकोस. मी होते असं धरून चालले आहे.

"ठीक. बीम," अन्सगार म्हणाला. खिशातून पेन्सिल काढली. "फलकावर लिहायचं आहे. लिहायचं कसं? दोन्ही प्रकार माझ्या कानावर आलेत."

 तू इमीकडे बघितलंस. ती ट्यूबाच्या आडून तुझ्याकडे. तुझं तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा बी-ई-ए म्हणणार आणि ही मुलगी वाद्य खाली ठेवणार.

"ते तिला विचारा," तू म्हणालास.

गार्थ, ट्रक रंगवायच्या आधी एवढे तीन शब्द सुचले असते तर माझा टब मोकळा राहिला असता. पण मी तक्रार करत नाही.

तिने बोलून उत्तर दिलं नाही. सगळ्यात खालचा सूर काढला, लांबलचक, बोट भोंगा देते तसा. बाग परत हसली, आणि त्यानंतर जे सुरू झालं ते तू ऐकलंस. दुसऱ्या भागात तिने फाटकाकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटच्या गाण्याला माझ्या बाकावर उभी असलेली बाई मीच होते. संपल्यावर स्तावरोसनेच तिच्या टोपीतलं पांढरं पीस उपटलं आणि अन्सगारने लाल खोवलं. फलकावर तिने स्वतः खडूने लिहिलं. कसं ते तू वाचलंस. पण एक तू बघितलं नसशील. ते लिहून झाल्यावर तिने खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली: "उच्चार: बाबांना विचारा."

तोवर तू ट्यूबा खांद्यावर घेऊन गर्दीतून चालायला लागला होतास, आणि ती तुझ्यामागे, दोन्ही हात मोकळे, बोलत बोलत.

मी माझ्या जागेवर आले तर समोर वाइनचा ग्लास. वाढणारी मुलगी म्हणाली, "खांबापाशी होते त्यांच्याकडून. मला म्हणाले, देऊन टाक, काही सांगू नकोस."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं असतंच ना."

वाइन गोड होती. मला गोड चालत नाही हे तू विसरला आहेस, किंवा विसरलेला नाहीस. पूर्ण प्यायले.

पण फेरीचा आपला नियम लहानपणापासूनचा आहे: एकाने पाजलं की दुसऱ्याने पाजल्याशिवाय कुणी उठायचं नाही. तू उठलास. माझी फेरी अंगावर ठेवून पोर्ट ऑगस्टाला निघालास.

म्हणून मी कागदी ग्लासात लेमन स्क्वॉश घेतलं, बर्फ कमी, आणि खाली मैदानापर्यंत चालत आले. ट्रक दिसला. तुम्ही दोघं मागच्या बाजूला होतात, त्या रंगवलेल्या पाटीसमोर. इमी बोटाने हवेत अक्षरं काढून काहीतरी दाखवत होती आणि तू मान हलवत होतास, हो म्हणून की नाही म्हणून ते लांबून कळलं नाही. मी हाक मारली नाही. चालकाच्या बाजूचं दार उघडंच होतं. ग्लास आतल्या खोबणीत ठेवला, दार हलकं लोटलं आणि परत आले.

झाकण दोनदा दाबून लावलं होतं. सांडलं नसेल.

लिओनी